आधी सायलेन्सर खोला

पावसाळा उतरला आणि भातं कापून झाली, की दापोलीतल्या माझ्या गाळ्यापुढे बंद पडलेले चेनसॉ येऊ लागतात. आमच्याकडे त्याला सगळे कटरच म्हणतात. कुणी टेम्पोतून आणतं, कुणी मोटारसायकलच्या मागे दोरीनं आवळून. मशीन ओट्यावर ठेवता ठेवता पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मिस्त्री, करण्यासारखा आहे, की नवाच घेऊ?"

विचारणाऱ्याच्या मनात एक हिशेब आधीच तयार असतो. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला तर नवा घ्यायचा, नाहीतर जुनाच करून घ्यायचा. हा हिशेब चुकीचा नाही, पण अपुरा आहे. मशीन कशानं बंद पडली हे त्यात कुठंच येत नाही. माझ्या मते पैशाची गोष्ट त्याच्यानंतरची. कारण सापडलं नाही, तर दुरुस्त केलेली मशीन पुन्हा मरते आणि तिच्या जागी आणलेली नवीही मरते. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे, की आता कारण कळल्याशिवाय मी कुणालाच आकडा सांगत नाही.

माझे हात टू-स्ट्रोकवर तयार झाले. लुना, प्रिया, चेतक, राजदूत. पेट्रोलपंपावर टू-टी तेल मापून गाडीत घालत असत तो काळ. पुढे रस्त्यावर फोर-स्ट्रोक गाड्या आल्या आणि बरोबरीचे बहुतेक मिस्त्री तिकडे वळले. मी फवारणीचे पंप, ग्रास कटर आणि लाकडाचे कटर धरून राहिलो, कारण आतलं इंजिन माझ्या ओळखीचं होतं. त्याला व्हॉल्व्ह नाहीत, तेलाची वेगळी टाकी नाही. पेट्रोलबरोबर जेवढं तेल आत जातं तेवढ्यावरच पिस्टन, क्रँक आणि बेअरिंग जगतात. फरक वेगाचा आहे. चेतकचं इंजिन १४५ सीसीचं, कटरचं पन्नासच्या आसपास. पण कटर मोकळा फिरताना मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या वर जातो, चेतकच्या दुपटीच्या घरात. तेल कमी पडलेला चेतक तुम्हाला सावरायला वेळ द्यायचा. घरघरायचा, दम टाकायचा, रस्त्याच्या कडेला थांबला की थंड होऊन पुन्हा निघायचा. कटर असा वेळ देत नाही.

म्हणून मशीन आली की मी दोरी ओढत बसत नाही. आधी सायलेन्सर खोलतो. दोन-तीन बोल्टचं काम, दहा मिनिटंही लागत नाहीत. सायलेन्सर निघाला की धूर बाहेर पडायची खिडकी उघडी पडते आणि तिच्यातून बॅटरीच्या उजेडात पिस्टनचं अंग दिसतं. हळूहळू दोरी ओढत पिस्टन वर-खाली करायचा आणि नीट बघायचं. निरोगी पिस्टनवर कारखान्यातल्या घडणीच्या बारीक आडव्या रेषा अजून दिसतात. मार खाल्लेल्या पिस्टनवर नांगरलेल्या शेतासारख्या उभ्या सऱ्या पडलेल्या असतात.

या सऱ्या कुठल्या बाजूला आहेत ते बघायचं. फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर मशीन तापलेली आहे. पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ झालं असेल, कुठून तरी हवा ओढली जात असेल, किंवा तेल अपुरं पडलं असेल. चहूबाजूंनी असतील आणि धुराच्या बाजूला जास्त असतील, तर बहुधा तेल गेलेलंच नाही. कार्बोरेटरच्या बाजूला पिस्टन झिजून करडा आणि पातळ झाला असेल तर धूळ आत शिरली आहे, म्हणजे एअर फिल्टर फाटलेला आहे किंवा कुणीतरी काढून ठेवलेला आहे. आणि कुठंही, कसेही खोल ओरखडे असतील तर आत काहीतरी सुटलं आहे, पिस्टनपिनची क्लिप किंवा बेअरिंगचा तुकडा.

आता ज्या मशीनमुळे हे सगळं लिहावंसं वाटलं तिची हकिगत सांगतो. केळशीकडचे एक काका, माडाच्या वाड्यांमधली कामं घेणारे. वठलेले माड उतरवणं, वादळात कललेली झाडं तुकड्यातुकड्यानं काढणं हा त्यांचा धंदा. चांगल्या कंपनीची पन्नास सीसीची मशीन त्यांनी पत्नीच्या बचत गटातून कर्ज काढून घेतली होती. दिवाळीआधी ती काम करता करता जाम झाली. दुसरीकडे दाखवली तर तिथल्या माणसानं दोरी ओढून बघितली आणि सांगितलं, तेल घालायला विसरलात, ब्लॉक-पिस्टन गेलं, आता नवी घ्या. नवी म्हणजे पंचवीस हजारांच्या पुढची गोष्ट. काका माझ्याकडे आले ते दुरुस्तीसाठी नव्हेच. त्यांना एवढंच विचारायचं होतं, "मी तेल घातलेलं होतं हो. मग असं का झालं?"

"तेल घातलं होतं" हे वाक्य आमच्या धंद्यात रोज ऐकायला मिळतं आणि बऱ्याचदा ते खरं नसतं. पण काकांनी खिशातून गुरांना इंजेक्शन द्यायची सिरिंज काढून दाखवली. एका लिटरला २० मिली, एकास पन्नास, ते या सिरिंजनं मोजून घालत होते. इतकं मोजून काम करणारा माणूस तेल विसरेल असं मला वाटेना. पिस्टनवर मात्र चहूबाजूंनी सऱ्या होत्या. दोन्ही खरं होतं. मी त्यांना म्हटलं, "काका, उद्या पेट्रोलचा कॅन घेऊन या. आहे तसा आणा, ओतून देऊ नका."

कॅन आला. मी त्यातलं मिश्रण काचेच्या बाटलीत ओतलं आणि बाटली खिडकीत ठेवून दिली. चहा होईपर्यंत त्यात दोन थर झाले. वरचा थर टू-टी तेलाच्या निळसर रंगाचा आणि खाली दोन बोटं जाड, पाण्यासारखा स्वच्छ थर.

काकांनी ते मिश्रण मे महिन्यात करून ठेवलं होतं. उरलेला अर्धा कॅन पावसाळाभर गोठ्याच्या पडवीत राहिला. झाकण सैल, बाजूला पागोळ्या. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. २०२२ मध्ये ते देशभर दहा टक्क्यांवर गेलं आणि २०२५ पर्यंत वीस टक्के झालं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते स्वतःत सामावून ठेवतं, पण एका मर्यादेपलीकडे पाणी गेलं की पाणी आणि इथेनॉल दोघंही पेट्रोलला सोडून तळाशी बसतात. टू-टी तेल मात्र पेट्रोलबरोबर वरच राहतं. तळातल्या थरात तेल जवळपास नसतंच. आणि कटरच्या टाकीतला फिल्टर नळीच्या टोकाला जड करून सोडलेला असतो, तो कायम तळाशी पडून राहतो. काकांनी कॅन हलवून टाकी भरली, मशीन सुरूही झाली. जेवायला थांबले तेवढ्यात टाकीत थर वेगळे झाले. जेवणानंतर मशीननं तळातलं ओढलं. तिचा आवाज चढला होता हे त्यांना आठवत होतं. जोर आला असं त्यांना वाटलं. तो जोर नव्हता, पातळ मिश्रणावर मोकाट सुटलेलं इंजिन तसंच ओरडतं.

काकांनी त्या दिवशी नवी मशीन घेतली असती, तर तिच्या टाकीत पहिलं पेट्रोल याच कॅनमधून गेलं असतं.

मग मी ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, उतरवला. आतल्या भिंतीवर चंदेरी ओघळ दिसत होते. पुष्कळ जण तिथंच ब्लॉक गेला म्हणून टाकून देतात. पण हे ओघळ बऱ्याचदा ब्लॉकचे नसतात. पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून भिंतीला चिकटलेलं असतं आणि त्याच्याखालचा निकेलचा कडक थर शाबूत असू शकतो. कापसाच्या बोळ्यानं थोडं ॲसिड फक्त त्या ओघळांवर लावायचं. ॲल्युमिनियम असेल तिथं बुडबुडे येतात, संपलं की बुडबुडे थांबतात. धुराच्या खिडक्यांच्या उघड्या कडांना ते लागू द्यायचं नाही. हातमोजे, चष्मा आणि उघडी जागा हवीच. क्रोमच्या ब्लॉकला हा उपाय करू नये, ॲसिड क्रोमलाच खातं, तिथं बारीक पॉलिश पेपरनंच काम करावं लागतं. साफ झाल्यावर भिंतीवरून नख फिरवायचं. नख अडलं तर ब्लॉक गेला. काकांच्या ब्लॉकला नख कुठंच अडलं नाही.

त्यानंतर क्रँक बघितला. फ्लायव्हील धरून वर-खाली हलवलं, खेळ नव्हता. इथं खेळ असता तर मी स्वतःच नवी घ्या म्हणून सांगितलं असतं, कारण क्रँक, दोन बेअरिंग, सील, पिस्टन आणि मजुरी मिळून जुन्या मशीनचा हिशेब कधीच बसत नाही. मग नवा पिस्टन, रिंग, दोन्ही ऑइल सील, कार्बोरेटरचे पडदे आणि पेट्रोलची नळी. सगळं जोडल्यावर धुराची आणि कार्बोरेटरकडची, अशा दोन्ही खिडक्या रबरानं बंद करून इंजिनमध्ये हलकी हवा भरली आणि साबणाच्या पाण्यानं सांधे तपासले. ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात. तेल किंवा पेट्रोल हे कारण दिसलं तरी हवेची गळती नाही ना, हे बघितल्याशिवाय मी मशीन देत नाही. सील सुकलेलं राहिलं तर नवा पिस्टन आठवड्यात तसाच होऊन परत येतो. सगळा खर्च नव्या मशीनच्या पाव किमतीच्या आत बसला.

मला या कामाचं समाधान मशीन चालू झाली म्हणून जेवढं आहे, त्याहून जास्त काकांच्या माथी आलेला दोष उतरला म्हणून आहे. घरात त्यांना बोलणी बसली होती. निष्काळजी ठरवलेला माणूस निष्काळजी नव्हता.

दरवेळी एवढा वेळ मिळत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं किनाऱ्यावर आलं आणि त्याचा तडाखा मंडणगड-दापोलीलाही बसला. माड, पोफळी, आंबे, फणस, किनाऱ्यावरचे सुरू, सगळं आडवं. घरांवर झाडं, रस्त्यांवर झाडं, विजेचे खांब त्यांच्याखाली. टाळेबंदीमुळे एसटीची पार्सलं बंद, मुंबईत नागदेवीचा बाजार नीट उघडलेला नाही, पुण्याच्या बोहरी आळीतून माल यायचा मार्ग नाही. तेव्हा दुरुस्त की नवा हा प्रश्न वेगळ्याच रीतीनं सुटला. दोन मेलेल्या मशीनमधून एक जिवंत करायची. एकीचा ब्लॉक, दुसरीचा कार्बोरेटर, तिसरीचा स्टार्टर. मुंबईहून मदत घेऊन आलेल्या मंडळींनी काही स्वस्तातले नवे कटर आणले, तेही मी आनंदानं चालू करून दिले. छपरावर झाड पडलेल्या माणसाला सील बदलेपर्यंत थांबा असं कुणी सांगू नये.

त्या दिवसांत कार्बोरेटरच्या बाजूनं खाल्लेले पिस्टन फार आले. माडाचा ओला तंतू आणि वाळू फिल्टरवर बसायची, मशीन गुदमरायची, आणि घाईत माणसं फिल्टर काढून काम उरकायची. मी त्यांना दोष देत नाही. पण त्याच मशीन पुढे सहा महिन्यांनी "कंपनीच खराब" म्हणून माझ्याकडे आल्या. खरं तर त्यांचं आयुष्य जूनमध्येच संपलं होतं.

स्वस्त मशीन म्हणजे फेकायची आणि महाग म्हणजे दुरुस्त करायची, असा एक समज आहे. तो मला मान्य नाही. बाजारात सहा-सात हजारांना मिळणारे ५८ सीसीचे चिनी नमुन्याचे कटर वेगवेगळ्या नावांनी विकले जातात, पण आतून बहुतेक एकच असतात. एकाचा पिस्टन दुसऱ्याला बसतो, पार्ट तालुक्याच्या गावात मिळतात, हजार-बाराशेत ब्लॉक-पिस्टन येतं. उलट चांगल्या कंपनीचं एखादं जुनं मॉडेल बंद झालेलं असतं आणि एका प्लॅस्टिकच्या नळीसाठी महिना जातो. रोज कटर चालवून पोट भरणाऱ्या माणसाचा महिना म्हणजे किती मजुरी बुडाली, हे दुरुस्तीच्या पावतीत कधी लिहिलेलं नसतं. ते धरायलाच हवं. आणि वर्षाला जळणापुरते चार ओंडके कापणाऱ्याला मी बऱ्याचदा दोन्ही नको म्हणतो. मशीन नऊ महिने पडून राहते आणि कार्बोरेटरचे पडदे कडक होतात. त्यापेक्षा कटरवाल्याला एक दिवस बोलवावं, त्याचंही घर चालतं.

कित्येक मशीन तर खराब नसतातच. "जोर गेला, कापत नाही" म्हणून येतात आणि बघावं तर नुसती चेन बोथट. माडाचं खोड बाहेरून चिवट आणि कठीण, त्यात समुद्राकाठची वाळू, धार लगेच जाते. भुसा बारीक पडायला लागला, चिपा पडेनाशा झाल्या, की मशीन दाबायची नाही, गोल कानस काढायची. चेनच्या वळणदार दातामागची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं १९४६ मध्ये एका बुंध्यात भुंग्याची अळी लाकूड कशी खाते ते निरखून पाहिलं. तिचे जबडे डावीकडे-उजवीकडे चालत, आडव्या-उभ्या कशाही तंतूंतून वाट काढत. त्यावरून त्यानं नव्या दातांची चेन बनवली आणि १९४७ मध्ये तिचा धंदा सुरू केला. आंब्याच्या खोडातल्या किड्यामुळे बाग गमावलेल्या आमच्या बागायतदारांना मी हे सांगतो तेव्हा ते क्षणभर गप्प होतात.

बाहेरून मोडलेली मशीन बघून लोक जास्त घाबरतात. मध्यंतरी एक कटर फणसाच्या फांदीखाली चिरडून आला. मागची मूठ तुटलेली, टाकीला तडा, वरचं कव्हर चक्काचूर. मालकानं तो भंगारात घालायचं ठरवलेलं. सायलेन्सर खोलून बघितला तर पिस्टन नवा असल्यासारखा. मूठ आणि टाकी एकाच तुकड्यात येते, ती मागवली आणि काम झालं.

पण एका मशीनला मी साफ नाही म्हटलं. इंजिन उत्तम, एका ओढीत सुरू. मात्र चेन ज्यावर फिरते तो गाइड बार ज्या बोल्टांवर आवळतात तिथं क्रँककेसला तडा होता, कुणीतरी एम-सीलनं लिंपलेला. चेनब्रेकचा पट्टा तुटलेला आणि पुढचा हातरक्षक काढून टाकलेला. मालक म्हणाला, "दादा, ब्रेक कशाला लागतोय? दोन वर्षं असाच चालवतोय." बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून अंगावर येते, डोळ्याची पापणी लवायच्या आत. तेवढ्या क्षणात चेन थांबवायला तोच ब्रेक असतो. तडा गेलेल्या केसवर नवा ब्रेक बसवून उपयोग नव्हता. मी त्याला सांगितलं, ही मशीन मी चालू करून देणार नाही. पार्टसाठी ठेवून घेतो, तिची किंमत नव्या मशीनच्या खरेदीत देतो. तो चिडून गेला, आठवड्यानं परत आला. त्या मशीनचा कार्बोरेटर आज दुसऱ्या कुणाच्या तरी कटरवर आहे. केस मी हातोड्यानं फोडून भंगारात टाकली, पुन्हा कुणी लिंपू नये म्हणून.

वाचणाऱ्यांपैकी कुणाचा कटर बंद असेल तर एवढं करा. मिस्त्रीला सायलेन्सर तुमच्यासमोर खोलायला सांगा आणि पिस्टन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नुसती दोरी ओढून नवी घ्या म्हणणाऱ्याला घाईनं पैसे देऊ नका. मिश्रण महिन्याभरात संपेल एवढंच करा, पावसाळ्यापूर्वी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा. आणि दुरुस्तीला मशीन आणताना पेट्रोलचा कॅनही सोबत आणा, आत जे काही उरलं असेल त्याच्यासकट.